सर्व्हर कुठे ठेवायचे? गणिताला विचारून पाहू

गाठसोडव

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

एका नेटवर्कमध्ये साधारण ८०० प्रवेश-नोड आहेत, म्हणजे वापरकर्त्यांच्या विनंत्या जिथून आत येतात ती ठिकाणं. सर्व्हर बसवता येतील अशा जागा ६०. त्यातल्या ८ निवडायच्या. प्रत्येक नोडची मागणी माहीत आहे आणि प्रत्येक नोडपासून प्रत्येक जागेपर्यंतचा मोजलेला विलंबही हाताशी आहे. ६० मधून ८ निवडायचे प्रकार होतात सुमारे २५६ कोटी. संगणकाला हे अगदीच अशक्य नाही, पण उद्या ८ ऐवजी १५ म्हटलं की संपलं.

म्हणून पूर्णांक मॉडेल लिहिलं. क्ष(न,स) = नोड न ला जागा स सेवा देते का, य(स) = जागा स उघडली का. सगळे चल ० किंवा १. मागणी गुणिले विलंब, यांची बेरीज कमीत कमी करायची. प्रत्येक नोड कुठेतरी जोडलेला हवा, य ची बेरीज ८, आणि बंद जागेवर कोणी जायचं नाही. ही शेवटची अट प्रत्येक जागेसाठी एका ओळीत लिहिली आहे: त्या जागेच्या सगळ्या क्ष ची बेरीज ≤ ८०० × य(स).

मुक्त सॉल्व्हर (असे प्रश्न सोडवणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालला तरी वरची मर्यादा (आतापर्यंत सापडलेलं सर्वात चांगलं उत्तर) आणि खालची मर्यादा (उत्तर याहून कमी येऊच शकत नाही तो आकडा) जवळ येत नाहीत. ग्रीडी पद्धतीने (दर पावलाला त्या घडीची सर्वात फायद्याची जागा उचलायची, आधीची सोडायची नाही) चुटकीसरशी उत्तर मिळतं, पण त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा? दमदार सशुल्क सॉल्व्हर घ्यावा का?

-----

भोचक_भवानी

रुमाल टाकून ठेवते. विषय भारी आहे.

-----

रेषीय

सॉल्व्हरवर पैसे घालवायच्या आधी ती शेवटची अट बदला, सगळी गोम तिथे आहे.

सॉल्व्हर आधी ०-१ ची सक्ती काढून टाकतो आणि अपूर्णांकांना मोकळं सोडतो. त्या सैल प्रश्नाचं उत्तर ही त्याची खालची मर्यादा. आता तुमच्या अटीत काय होतं बघा. समजा प्रत्येक नोड ६० पैकी आपल्या सर्वात जवळच्या जागेला जोडला. एखाद्या जागेकडे ४० नोड आले तर तिला य = ४०/८०० = ०.०५ पुरतं. सगळ्या जागांचे य मिळवले तर बेरीज ८००/८०० = १. मुभा आहे ८ ची! म्हणजे सैल प्रश्नात साठच्या साठ जागा थोड्या थोड्या उघडतात, अट कुठेच मोडत नाही, आणि मर्यादा मिळते ती 'सगळीकडे सर्व्हर आहेत' असं धरून. अशा मर्यादेवरून काहीच छाटता येत नाही, मग बिचारा रात्रभर फांद्या फोडत, म्हणजे एकेक शक्यता वेगळी करून तपासत बसतो.

त्याऐवजी प्रत्येक जोडीसाठी वेगळी अट लिहा: क्ष(न,स) ≤ य(स). अटी ६० च्या ४८,००० होतील, घाबरू नका. पी-मीडियन प्रकारच्या (ठरावीक जागा उघडून एकूण अंतर कमीत कमी करायच्या) प्रश्नांत या मांडणीचं सैल उत्तर पुष्कळदा आपसूकच पूर्णांकात येतं, नाही आलं तरी अगदी जवळपास असतं.

दुसरं, क्ष ला ०-१ ची सक्ती नकोच. क्षमतेची अट नसेल तर य एकदा ठरले की प्रत्येक नोड आपोआप जवळच्या उघड्या जागेकडे जातो. पूर्णांक चल फक्त ६० उरतात.

तिसरं, ८ जागा उघडणारच असाल तर कुठल्याही नोडला त्याच्यापासून सर्वात लांबच्या ७ जागा कधीच लागत नाहीत. त्या ७ सोडून उरलेल्यांत एक तरी उघडी असतेच. तेवढे चल बेलाशक काढून टाका.

-----

उगाच_उवाच

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? नकाशावर ठिपके टाका, के-मीन्स (ठिपक्यांचे गट पाडून प्रत्येकाचं केंद्र काढणारी पद्धत) चालवा, ८ केंद्रं मिळाली, विषय संपला.

-----

तारजोड्या

@उगाच_उवाच, के-मीन्स अंतराचा वर्ग कमी करतो, त्यामुळे कोपऱ्यातले दोन-चार लांबचे नोड केंद्राला स्वतःकडे ओढतात. शिवाय ते केंद्र भर समुद्रातही पडू शकतं. आणि मुख्य म्हणजे केबल नकाशावरच्या सरळ रेषेत धावत नाही.

फायबरमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर. म्हणजे १००० किमीला जायला ५ आणि जाऊन-येऊन १० मिलिसेकंद, तेही केबल सरळ असेल तर आणि मधल्या राउटरनी काहीच वेळ घेतला नाही तर. प्रत्यक्षात पॅकेट कोणत्या रस्त्याने जाईल हे बीजीपी (वेगवेगळ्या नेटवर्कांमधले मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल) ठरवतं, आणि बीजीपीला मिलिसेकंद कळत नाहीत. त्याला कळतात करार आणि मधल्या नेटवर्कची संख्या. शेजारच्या दोन ऑपरेटरांची आपसात देवाणघेवाण नसेल तर पॅकेट भलतीकडे वळसा घालून येतं.

त्यामुळे गाठसोडव, तुमच्याकडे मोजलेला विलंब आहे ही चांगली गोष्ट. पण किती वाजता मोजला? किमान घेतला, मध्यक घेतला की सरासरी? किमान आकडा रस्त्याची लांबी सांगतो, गर्दीच्या वेळचा ९५वा शतमक (१०० पैकी ९५ मोजमापं ज्याच्या आत येतात तो आकडा) रस्त्यावरची कोंडी सांगतो. सरासरीत दोन्हींची खिचडी होते. मी मॉडेलला मध्यक देतो आणि निघालेलं उत्तर ९५व्या शतमकावर तपासतो.

आणखी एक. एका फेरीचा विलंब म्हणजे वापरकर्त्याने पाहिलेला विलंब नव्हे. नव्या जोडणीत टीसीपीची (जोडणी उभारायची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (ती सुरक्षित करायची) एक आणि मग विनंतीची एक, अशा तीन फेऱ्या झाल्या. टीएलएस १.२ असेल तर चार. क्विक (ही दोन्ही कामं एकत्र उरकणारा प्रोटोकॉल) वापरलं तर दोन. सगळ्यांना एकच गुणक लागला तर निवड बदलत नाही, पण काही नोडवर जुनी उपकरणं जास्त असतील तर त्यांचं वजन वाढवायला हवं.

-----

गाठसोडव

@रेषीय, जोडीवार अट घातली, क्ष मोकळे सोडले. रात्रभर अडणारं काम चहा गार व्हायच्या आत संपलं! सैल उत्तरच पूर्णांकात आलं, फांद्या फोडायची वेळच आली नाही. सशुल्क सॉल्व्हरचा विषय बाद.

@तारजोड्या, सध्या सरासरी आहे. मध्यक काढून बघतो.

पण ग्रीडीचा प्रश्न राहिलाच. नोड वाढले तर परत तिकडेच वळावं लागेल ना?

-----

गणितकाकू

अरे गाठसोडव, ग्रीडीचं एक छोटं उदाहरण हाताने सोडवून बघ, म्हणजे त्याची खोड कळेल.

एका रेषेवर पाच नोड घे. अ ० वर, ब ४ वर, क २० वर, ड ३६ वर, इ ४० वर. दोन नोडमधलं अंतर म्हणजे जाऊन-येऊन मिलिसेकंद. मागणी अनुक्रमे ३०, १०, ५, १०, ३०, एकूण ८५.

एकच सर्व्हर असेल तर तो कुठे? वजनाचा मध्य क वर पडतो. खर्च ६०० + १६० + ० + १६० + ६०० = १५२०. ग्रीडी क उचलतो आणि इथपर्यंत तो बरोबरच आहे. आता दुसरा सर्व्हर. ग्रीडी क सोडत नाही, त्यात अ मिळवतो (किंवा इ, दोन्ही सारखेच). खर्च उरतो ८००. पण अ आणि इ ही जोडी घेतली असती तर? ब चे ४०, क चे १००, ड चे ४०, एकूण १८०. ग्रीडी साडेचार पटीच्या आसपास महाग पडला, कारण एकट्यासाठी उत्तम असलेली जागा दोघांच्या संसारात अडचणीची ठरली.

उपाय जुनाच आहे, टाइट्झ आणि बार्ट यांनी १९६८ मध्ये मांडलेला: उघडी एक जागा बंद कर, बंद असलेली एक उघड, खर्च उतरला तर ठेव, कुठलीच अदलाबदल फायद्याची राहीपर्यंत चालू ठेव. इथे क च्या जागी इ आणलं की एका फटक्यात १८०. ग्रीडीच्या मागे ही अदलाबदल लावल्याशिवाय त्याचं उत्तर कधी कोणाला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

-----

चौकटराजा

काकू, पण ग्रीडी किमान ६३ टक्के गाठतोच असं सिद्ध झालंय ना? नेमहाउसर, वोल्सी आणि फिशर, १९७८. मग साडेचार पट महाग कसा?

-----

गणितकाकू

छान हटकलंस. ती हमी वाचवलेल्या खर्चाची आहे, उरलेल्या खर्चाची नाही.

वरच्याच उदाहरणात समज की सर्व्हर नसताना सगळे एका दूरच्या मूळ सर्व्हरकडे जातात आणि प्रत्येकाला ५० मिलिसेकंद लागतात. मूळ खर्च ८५ × ५० = ४२५०. ग्रीडीने तो ८०० वर आणला, म्हणजे वाचवले ३४५०. उत्तम जोडीने वाचवले ४०७०. गुणोत्तर जवळपास ८५ टक्के. हमी पाळली गेली, आणि तरीही उरलेला खर्च साडेचार पट. मूळ सर्व्हर जितका लांब कल्पावा तितकी ही टक्केवारी छान दिसते. कोणी 'आमची पद्धत ९५ टक्के इष्टतम' म्हणालं तर कशाच्या ९५ टक्के हे आधी विचारावं.

मात्र या हमीची एक गोष्ट मला आवडते. तिला त्रिकोणाचा नियम लागत नाही. पी-सेंटरची (सर्वात वाईट अंतर कमी करायच्या प्रश्नाची) 'उत्तमाच्या दुपटीपेक्षा वाईट नाही' ही हमी किंवा पी-मीडियनच्या बहुतेक हमी 'अ ते क हे अंतर अ-ब-क असं फिरून जाण्यापेक्षा जास्त नसतं' या गृहीतकावर उभ्या असतात. तारजोड्या सांगतात तसं इंटरनेटवर हा नियम सर्रास मोडतो, मधल्या तिसऱ्या यंत्रामार्फत गेलं तर लवकर पोचतो असे मार्ग सापडतात. तिथे त्या हमी कागदावरच राहतात.

-----

भोचक_भवानी

काकू, 'मध्य' म्हणजे सरासरीचं बघितलंत. पण क वरच्या पाच जणांना २० मिलिसेकंद आले त्याचं काय? त्यांनी काय पाप केलंय?

-----

गणितकाकू

तोच तर पी-सेंटरचा प्रश्न, भवानी. बेरीज सोडायची, सर्वात वाईट अंतर कमी करायचं.

अ-इ जोडीत सरासरी २.१ आणि सर्वात वाईट २०. ब-ड जोडी घे: अ ला ४, क ला १६, इ ला ४. खर्च १२० + ८० + १२० = ३२०, सरासरी ३.८, पण सर्वात वाईट १६ वर आलं. म्हणजे पाच जणांचे ४ मिलिसेकंद वाचवायला साठ जणांच्या पदरात प्रत्येकी ४ टाकले आणि ब-ड वरच्या वीस जणांचे ४-४ उतरवले. हे पटतं का, याचं उत्तर गणित देत नाही. आवाजी कॉलचं नेटवर्क असेल तर कदाचित पटेल, चित्रफिती साठवणारं असेल तर मुळीच नाही.

मी सहसा मधला रस्ता घेते: सरासरीच कमी करायची, पण 'एकाही नोडला इतक्या मिलिसेकंदांपेक्षा जास्त नको' अशी अट घालून. त्या मर्यादेपलीकडच्या जोड्यांचे चल मॉडेलमध्ये घ्यायचेच नाहीत. प्रश्न आटोपशीरही होतो.

अवांतर: सर्व्हर नोडवरच हवा असं नसेल, केबलच्या मध्येही चालत असेल, तर १० आणि ३८ या बिंदूंवर ठेवून सर्वात वाईट अंतर १० वर येतं. सरासरीच्या प्रश्नात मात्र मध्येच ठेवून काही हाती लागत नाही. हकीमी यांनी १९६४ मध्ये टेलिफोनच्या स्विचिंग केंद्रांच्या निमित्ताने हे दाखवलं. कारण सोपं आहे: कडेवरून सरकताना कोणत्याही नोडचं अंतर एकतर सरळ वाढतं, सरळ घटतं, किंवा वाढून मग घटतं. त्याच्या आलेखाला खळगा कधीच नसतो, बेरजेलाही नसतो, मग किमान टोकांवरच सापडणार. हे कळल्यावर अनंत बिंदूंचा प्रश्न मोजक्या नोडांवर आला. पुढे १९७९ मध्ये कारिव्ह आणि हकीमी यांनी दाखवलं की सर्वसाधारण जाळ्यावर हे दोन्ही प्रश्न एनपी-हार्ड (म्हणजे हमखास झटपट सोडवायची पद्धत माहीत नसलेले) आहेत, पण जाळं झाडासारखं, म्हणजे एकही वेटोळं नसलेलं असेल तर झटपट सुटतात.

-----

उगाच_उवाच

सगळं ठीक. पण एनीकास्ट वापरत असाल तर कोणता नोड कुठे जाईल हे तुम्ही ठरवतच नाही. बीजीपी ठरवतं. तुमचा तो क्ष हवेत विरला.

-----

तारजोड्या

उगाच नाही बोललात या वेळी. मुद्दा नेमका आहे.

एनीकास्टमध्ये सगळे सर्व्हर एकच पत्ता जाहीर करतात आणि राउटर आपापल्या परीने 'जवळचा' निवडतात. मॉडेल समजतं की नोड किमान विलंबाच्या जागेकडे जाईल, प्रत्यक्षात तो तिसऱ्याच जागेकडे जातो. वाईट म्हणजे नवीन जागा उघडल्यावर काही नोडांचा विलंब वाढूही शकतो. मॉडेलमध्ये हे घडूच शकत नाही, कारण तिथे पर्याय वाढला की खर्च फार तर तेवढाच राहतो. यावर उपाय म्हणजे जागांचे संच बदलून पत्ता जाहीर करायचा, कोण कुठे गेलं ते नोंदवायचं आणि तीच नोंद मॉडेलला द्यायची. चाचणीसाठी वेगळा पत्ता घ्या, चालू सेवेवर प्रयोग नको.

डीएनएसने (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेने) वाटप केलं तर लगाम हातात असतो, पण डीएनएसला वापरकर्ता दिसत नाही, त्याचा रिझॉल्व्हर (त्याच्या वतीने पत्ता विचारणारा सर्व्हर) दिसतो. रिझॉल्व्हर लांबचा असला की वापरकर्ताही लांबचा समजला जातो. वापरकर्त्याच्या पत्त्याचा काही भाग पुढे पाठवायची सोय आहे, आरएफसी ७८७१, २०१६ ची, पण सगळे रिझॉल्व्हर ती पाळत नाहीत.

-----

रात्रपाळी

एवढी चर्चा झाली, पण एक सर्व्हर बंद पडला तर काय, हे अजून कोणीच विचारलं नाही. फोन आम्हाला येतो हो.

काकूंच्याच उदाहरणात क्षमता घाला. प्रत्येक सर्व्हर ६० पेलतो समजा. अ-इ जोडीत क चे ५ समजा अ कडे गेले, म्हणजे एकावर ४५, दुसऱ्यावर ४०. कागदावर दोन्ही निवांत. अ पडला की ८५ च्या ८५ इ वर, आणि इ पेलतो ६०. म्हणजे तोही गेला. १८० चं ते सुंदर उत्तर एका बिघाडात शून्य सेवेवर आलं.

आता क वर तिसरा सर्व्हर घ्या. सरासरी २.१ वरून ०.९ झाली, कोणीही म्हणेल एक-सव्वा मिलिसेकंदासाठी एवढा खर्च कशाला. पण अ पडला तर अ आणि ब क कडे जातात, २० आणि १६ मिलिसेकंदांवर, क वर भार ४५, इ वर ४०. कोणाला कळतही नाही. तो सर्व्हर त्या एक-सव्वा मिलिसेकंदासाठी नाहीच मुळी.

-----

रेषीय

+१. हे मॉडेलमध्ये घालता येतं. प्रत्येक नोडला दोन नेमणुका द्यायच्या, पहिली रोजची आणि दुसरी पहिली पडल्यावरची. दोन्ही एकाच जागी नकोत. उद्दिष्टात दुसऱ्या नेमणुकीचा विलंब बिघाडाच्या शक्यतेइतक्या वजनाने मिळवायचा. क्षमतेसाठी 'जागा स पडली' अशी प्रत्येक परिस्थिती वेगळी घेऊन उरलेल्या जागा भार पेलतात का ही अट. चल वाढतात, आणि क्षमता आल्यावर 'जवळचा तोच आपला' हे आपोआप खरं राहत नाही. एका नोडची मागणी दोन ठिकाणी वाटता येत असेल तर क्ष मोकळेच ठेवा. वाटता येत नसेल तर मात्र पुन्हा ०-१ करावे लागतील, आणि मग खरोखर घाम निघतो.

भाराबद्दलही थोडं. विलंब म्हणजे फक्त तार नव्हे, सर्व्हरसमोरची रांगही. सर्वात साध्या एका खिडकीच्या रांगेत लागणारा वेळ = मूळ सेवेचा वेळ ÷ (१ − वापर). ४०/६० वापराला तिप्पट, ४५/६० ला चौपट. म्हणजे क चे ५ कोणत्या बाजूला गेले त्यावर त्या बाजूच्या चाळीस जणांचा वेळ तिपटीवरून चौपटीवर जातो. सेवेचा वेळ ५ मिलिसेकंद असेल तर वाढ ५ ची, तारेवरच्या २.१ च्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. अनेक कोअरच्या सर्व्हरला हा चढ उशिरा लागतो, पण लागला की तितकाच उभा असतो. हा वक्र चढ सॉल्व्हरला द्यायचा तर सरळ तुकड्यांत मोडून द्या, किंवा सरळ वापर ७० टक्क्यांवर जाऊ नये अशी अट घाला. मी दुसरं करतो. मोजमापच इतकं गढूळ असतं की पहिल्याची मेहनत वाया जाते.

-----

चौकटराजा

सर्व्हरवर फक्त वाचन असेल तर हे सगळं ठीक. लेखन असेल आणि प्रती एकमेकींशी जुळवायच्या असतील तर उद्दिष्टच वेगळं होतं ना?

-----

तारजोड्या

होय. पाच प्रती आणि बहुमताने लेखन असेल तर प्रमुखाला (लेखन आधी जिच्याकडे येतं त्या प्रतीला) स्वतः धरून तीन होकार लागतात, म्हणजे त्याच्यापासून दुसऱ्या क्रमांकाच्या जवळच्या प्रतीचं अंतर हा लेखनाचा विलंब. काकूंच्या पाचही नोडांवर प्रत ठेवली आणि प्रमुख अ वर असला तर २०, क वर असला तर १६. ब वर असला तरी १६ च. पण ब पासून अ चे तीस जण ४ वर आहेत, त्यामुळे मागणी डावीकडे झुकलेली असेल तर ब सरस. यावर वेगळा धागा निघावा, इथे खिचडी होईल.

-----

गाठसोडव

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवून ठेवली आहे.

मध्यक विलंब घालून परत चालवलं. ८ पैकी ६ जागा त्याच राहिल्या, २ बदलल्या. मग रात्रपाळींच्या सांगण्याप्रमाणे एकेक जागा बंद करून पाहिली, तर ८ पैकी एक अशी निघाली की ती पडली की शेजारची ७० टक्क्यांच्या वर जाते. दोन नेमणुकांचं मॉडेल लिहायला घेतलंय.

एक शेवटची शंका. मागणी दिवसभर बदलते. सकाळचं वजन घ्यावं की रात्रीचं?

-----

रेषीय

दोन्ही. य सगळ्या वेळांसाठी एकच, क्ष प्रत्येक वेळेचे वेगळे. दिवसाचे चोवीस तुकडे करू नका, तीन-चार ठळक वेळा पुरतात. क्षमतेची अट प्रत्येक वेळेला स्वतंत्र लावा, नाहीतर सरासरी मागणीवर सगळं बसलेलं दिसेल आणि रात्री नऊला उलटेल.

-----

रात्रपाळी

आणि दुरुस्तीसाठी जागा मुद्दाम बंद करायची वेळ कोणती, तेही त्याच मॉडेलला विचारा. जी बंद केल्यावर बाकीच्यांवर सर्वात कमी भार येतो ती वेळ. आमच्याकडे ती पहाटेची असेल असं सगळे धरून चालले होते, निघाली दुपारची. पहाटे बॅकअप चालू असतात आणि तो भार कोणी मागणीत धरलाच नव्हता.